लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड लिनक्सवर चालू केलं, त्या पाच आठवड्यांची हकीकत

मी शाळेत विज्ञान शिकवते. चंद्राच्या कला आणि ग्रहणं फळ्यावरच्या वर्तुळांनी मुलांच्या डोक्यात उतरत नाहीत, हे दर वर्षी जाणवतं. म्हणून ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर शिकले आणि त्याचं अ‍ॅनिमेशन करायला घेतलं. बारा सेकंदांचं, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एकूण ३०० चित्रं. १ फेब्रुवारी २०२५, शनिवारी सकाळी त्यातलं पहिलं चित्र रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून पूर्ण काढून घेऊन, बघितलं, तर चार मिनिटं लागली. ३०० चित्रांचे २० तास. आणि तेवढं थांबून शेवटी पृथ्वीची सावली भलत्याच बाजूला पडलेली निघाली, तर पुन्हा २० तास.

माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, स्वतःच्या ४ जीबी मेमरीचं. डेबियन १२ हे लिनक्स टाकल्यापासून वर्षभर मी त्याचं नावही काढलं नव्हतं. स्क्रीन दिसत होती, व्हिडिओ चालत होते, काम अडत नव्हतं. त्या दिवशी मात्र ठरवलं की आता हे कार्ड कामाला लावायचंच. पुढे पाच आठवडे गेले. पैसा काही लागला नाही, शनिवार-रविवार मात्र सगळे गेले. ज्या जागी मी अडकले तिथे बहुतेक लोक अडकतात असं नंतर कळलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

सुरुवातीलाच धाकट्या भावाला फोन केला. तो सर्व्हर सांभाळायचं काम करतो. मी म्हटलं, "कार्ड चालत नाहीये रे." तो म्हणाला, "ताई, चालत नाही म्हणजे नक्की काय? कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड दिसत नाही, का प्रोग्रॅम ते वापरत नाही? तीन-चार वेगळी दुखणी असतात ही. आधी कार्ड सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते बघ." त्याचं हे एक वाक्य धरून बसले असते तर पुढचा एक अख्खा शनिवार वाचला असता.

बघायची पद्धत सोपी आहे. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा, तिच्यापुढे एक आडवी रेघ आणि 'एनएनके'. यादीत दोन नोंदी सापडल्या. ००:०२.० या पत्त्यावर इंटेलचं ग्राफिक्स आणि ०१:००.० वर एनव्हिडियाचं कार्ड. प्रत्येकाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ होती. इंटेलखाली आय९१५, एनव्हिडियाखाली नूवो. म्हणजे कार्ड कर्नलला दिसत होतं आणि ते नूवोच्या ताब्यात होतं. आणखी एक बारीक गोष्ट इथेच पाहून ठेवा. कार्डाच्या नोंदीत 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर' लिहिलंय का '३डी कंट्रोलर'? ३डी कंट्रोलर असेल तर सहसा त्या कार्डाला स्क्रीनचं एकही पोर्ट जोडलेलं नसतं. माझ्याकडे व्हीजीए लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ मला चार आठवड्यांनी कळला.

नूवो हा मुक्त ड्रायव्हर आहे, कार्डांचं वागणं बाहेरून तपासून-तपासून लोकांनी लिहिलेला. २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ पासून तो कर्नलमध्येच आहे. त्याच्यामुळेच वर्षभर माझं काही अडलं नाही, याबद्दल मला त्या लोकांविषयी आदर आहे. पण माझ्या पिढीच्या कार्डाचा वेग वाढवायला सही केलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लागतं, आणि डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमधल्या नूवोला ते काम जमत नाही. कार्ड सुरू होताना ज्या कमी वेगावर असतं तिथेच राहतं. ट्युरिंग (माझ्या कार्डाची पिढी) आणि त्यापुढच्या कार्डांसाठी ही सोय २०२४ च्या जानेवारीत ६.७ कर्नलमध्ये आली. शिवाय ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन एनव्हिडियाच्या कार्डावर कुडा किंवा ऑप्टिक्स या कार्डाकडून गणितं करून घेणाऱ्या यंत्रणांमधून चालतं, आणि ते दोन्ही एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरबरोबरच येतात. त्यामुळे ड्रायव्हर बदलणं भाग होतं.

त्या दिवशी एवढंच केलं. रविवारी टाइमशिफ्टने अख्ख्या सिस्टिमची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. पाऊण तास लागला. हा पाऊण तास कोणीही वाचवायला जाऊ नये.

८ फेब्रुवारीचा शनिवार वाईट गेला. मी ड्रायव्हरची 'रन' फाइल उतरवून घेतली आणि थेट चालवली. तिने आधी डेस्कटॉप बंद करायला लावला, मग नूवो बंद करून रीस्टार्ट करायला लावलं, मग एकामागून एक प्रश्न विचारले. मॉड्यूलवर (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये लोड होणारा भाग) सही करायची का? नवी किल्ली तयार करायची का? मॉड्यूल आत्ता लोड होत नाहीये, तरी बसवायचं का? शेवटी, एक्सची, म्हणजे डेस्कटॉप पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेची, कॉन्फिगरेशन फाइल बदलून देऊ का? मी सगळ्यांना हो म्हणत गेले. प्रश्न नीट वाचलेच नाहीत. दोष फाइलचा नव्हता, तिने प्रत्येक गोष्ट विचारूनच केली होती.

रीस्टार्ट केलं. बूट होतानाच्या ओळी सरकत गेल्या, आणि मग काळी स्क्रीन. डाव्या कोपऱ्यात वर एक पांढरी रेघ, लुकलुकतही नव्हती. पाच मिनिटं थांबले, पॉवरचं बटण दाबून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्याच लॅपटॉपवर होत्या. प्रत होती बाहेरच्या डिस्कवर, तरी पोटात गोळा आला.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आता काहीही टाइप करू नकोस. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब." दाबलं, आणि काळ्या स्क्रीनवर साधं लॉगिन आलं. ही गोष्ट मला तोवर माहीतच नव्हती. डेस्कटॉप उभा राहिला नाही तरी त्याच्यामागे लिनक्स बहुतेक वेळा नीट चालू असतं आणि नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवरून सगळं करता येतं. (तेही आलं नाही, तर ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या, यादीत असताना 'ई' दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ१० दाबायचं. तेवढ्या एका बूटपुरतं ते लागू होतं.)

लॉगिन करून एक्सची लॉग फाइल उघडली. तिच्यात चुकांच्या ओळी कंसातल्या दोन 'ई'ने सुरू होतात. भाऊ म्हणाला, "फक्त त्या ओळी वाचून दाखव." मी फोनवर वाचल्या. एनव्हिडियाचं कर्नल मॉड्यूल सुरू करता आलं नाही, आणि शेवटी, एकही स्क्रीन सापडली नाही.

ही स्क्रीन का सापडेना, ते त्याने समजावलं आणि तिथे मला दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपची रचना पहिल्यांदा कळली. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस नावाची व्यवस्था आणली. तिच्यात लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते. मोठं कार्ड पडद्याआड चित्र काढतं आणि तयार चित्र इंटेलच्या हातात देतं, पडद्यावर ते दाखवतं इंटेलच. आणि मी 'हो' म्हटल्यावर तयार झालेल्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं की स्क्रीन एनव्हिडियाची आहे, तिच्यावरच सगळं दाखव. काही लॅपटॉपमध्ये स्क्रीन एका ग्राफिक्सवरून दुसऱ्यावर टाकणारा मक्स नावाचा स्विच असतो, माझ्यात नाही.

उपाय दोन ओळींचा निघाला. ईटीसीखालच्या एक्स११ फोल्डरमधली 'एक्सऑर्ग.कॉन्फ' फाइल नाव बदलून बाजूला ठेवली, आणि 'एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' चालवून आधीचं सगळं काढलं. रीस्टार्ट केल्यावर माझा नेहमीचा डेस्कटॉप समोर आला. सगळे मिळून अडीच तास गेले होते. त्या रात्री आणखी काही करून बघायचं धैर्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, डेबियनच्या स्वतःच्या भांडारातून जायचं ठरवलं. ते आधीच करायला हवं होतं. भांडारातून घेतलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की आपोआप नव्याने बांधला जातो, आणि काढायचा झाला तर एका आज्ञेत निघतो. सोर्सेस लिस्टमध्ये 'मेन' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' होतंच, त्यापुढे 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' जोडलं. 'एनव्हिडिया-डिटेक्ट' नावाचं छोटं पॅकेज आधी टाकून चालवलं, ते तुमच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागेल ते सांगतं. माझ्यासाठी त्याने 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' हे नाव दिलं, ५३५ मालिकेतला. त्याच्यासोबत 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' टाकायचं. नावात एएमडी आहे म्हणून मी पाच मिनिटं थबकले होते, कारण माझा प्रोसेसर इंटेलचा. ते ६४ बिटच्या साध्या पीसीचंच नाव आहे, प्रोसेसर कोणाचाही असो. हे हेडर्स नसतील तर ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलंच जात नाही, आणि ड्रायव्हर बसल्यासारखा दिसूनही कार्ड मेल्यासारखं राहतं.

डाउनलोड काही शे एमबीचं होतं. त्यानंतर 'बिल्डिंग मॉड्यूल' अशी ओळ येऊन काही मिनिटं सगळं थांबल्यासारखं वाटतं. थांबलेलं नसतं. डीकेएमएस नावाची यंत्रणा तुमच्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधत असते. खिडकी बंद करू नका.

रीस्टार्ट केलं. डेस्कटॉप आला, हायसं वाटलं. लगेच एलएसपीसीआय बघितलं, तर एनव्हिडियाखालची 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच गायब. नूवो गेला होता आणि त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. या वेळी मी काही बदललं नाही. आधी विचारलं. 'मोडप्रोब' आज्ञेने मॉड्यूल हाताने लोड करून बघितलं, आणि उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

किल्ली नाकारली. हा सिक्युअर बूट. तो चालू असला की अनोळखी सहीचं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. मॉड्यूल माझ्याच लॅपटॉपवर बांधलं गेलं होतं, डीकेएमएसने त्यावर सहीही केली होती, पण त्या सहीची किल्ली लॅपटॉपच्या फर्मवेअरला कोणी ओळख करून दिली नव्हती.

इथे बहुतेक जण सिक्युअर बूट बंद करून टाका म्हणतात. त्याने काम होतं, हे खरं. मी नाही केलं, कारण याच लॅपटॉपवर दुसऱ्या भागात विंडोज आहे आणि तो भाग बिटलॉकरने कुलूपबंद आहे. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागू शकतो, आणि ती माझ्याकडे कुठे लिहून ठेवलेली आहे हे मला त्या क्षणी आठवत नव्हतं. आठवडाभर कामाच्या गडबडीत ती शोधली, कागदावर उतरवली, आणि मगच पुढे गेले. तुमच्याकडे बिटलॉकर असेल तर फर्मवेअरच्या कोणत्याही सेटिंगला हात लावायच्या आधी ती किल्ली हातात असू द्या, हे अगदी कळकळीने सांगते.

१५ फेब्रुवारी, शनिवार. किल्लीची ओळख करून द्यायची. तिला मॉक म्हणतात, म्हणजे मशीन ओनर की, यंत्राच्या मालकाची किल्ली. डीकेएमएसने बनवलेली किल्ली व्हारखालच्या लिबमध्ये, डीकेएमएस फोल्डरात 'मॉक.पब' नावाने असते. 'मॉकयूटिल' आज्ञेला 'इम्पोर्ट' हा पर्याय देऊन ती फाइल दाखवली. तिने एक पासवर्ड दोनदा मागितला. हा पासवर्ड फक्त पुढच्या एका बूटपुरता लागतो. तो साध्या इंग्रजी अक्षरांचा किंवा आकड्यांचा ठेवा, कारण पुढच्या निळ्या स्क्रीनवर तुमचा नेहमीचा कीबोर्ड नसतो, अमेरिकन मांडणीच असते, आणि विशेष चिन्हं भलतीच उमटू शकतात.

रीस्टार्ट केलं आणि पाणी आणायला उठले. परत आले तो डेस्कटॉप तयार. निळी स्क्रीन येऊन गेली होती. ती दहा सेकंदच थांबते, 'कोणतंही बटण दाबा' म्हणते, नाही दाबलं तर पुढे निघून जाते, आणि किल्लीची विनंतीही रद्द होते. पुन्हा इम्पोर्ट, पुन्हा पासवर्ड, पुन्हा रीस्टार्ट, या वेळी बोट बटणावर ठेवून. निळ्या स्क्रीनवर 'एन्रोल मॉक' निवडलं, मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. मग 'रीबूट'.

लॉगिन होताच 'एनव्हिडिया-एसएमआय' लिहिलं. समोर चौकटींचा तक्ता आला. वर ड्रायव्हर ५३५, शेजारी कुडा १२.२, खाली जीटीएक्स १६५०, तापमान, आणि मेमरी ४०९६ एमआयबीपैकी वापर नगण्य. वर्षभर माझ्या मांडीवर असलेलं कार्ड पहिल्यांदा स्वतःबद्दल काही सांगत होतं. तक्त्याचा फोटो काढून भावाला पाठवला.

आनंदाने ब्लेंडर उघडलं. ब्लेंडरच्या संकेतस्थळावरून घेतलेली ४.२ एलटीएस आवृत्ती मी वापरते. प्रेफरन्सेस, सिस्टिम, सायकल्स रेंडर डिव्हायसेस. तिथे कुडावर क्लिक केलं तर खाली लिहिलेलं की योग्य कार्ड सापडलं नाही. तक्त्यात कार्ड दिसतंय आणि ब्लेंडरला दिसत नाही! भावाचं पहिलं वाक्य आठवलं. कर्नलचं दुखणं संपलं होतं, आता प्रोग्रॅमचं होतं. शोधल्यावर कळलं की डेबियनमध्ये कुडाची लायब्ररी 'लिबकुडा१' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असते, आणि माझ्याकडे ती बसलेली नव्हती. तिच्यासोबत ऑप्टिक्ससाठी 'लिबएनव्हीऑप्टिक्स१'ही टाकलं. ब्लेंडर बंद करून उघडलं आणि कार्डाचं नाव आलं, शेजारी टिक करायचा चौकोन. तो निवडल्यावर दृश्याच्या रेंडर सेटिंगमध्येही 'डिव्हाइस' सीपीयूवरून जीपीयू करावं लागतं. हे दुसरं पाऊल विसरलं तर सगळं नीट दिसूनही काम प्रोसेसरवरच चालतं.

पहिलं चित्र सुरू व्हायला वेळ लागला, तो पहिल्याच वेळी लागतो. दुसरं चित्र २५ सेकंदांत झालं. चार मिनिटांचं २५ सेकंद. मी तेच चित्र तीनदा रेंडर केलं, नुसतं खात्री करायला.

मेमरीबद्दल एक सांगते. ४ जीबी फार नसते. चंद्राच्या पृष्ठभागाचं मोठं चित्र लावल्यावर रेंडर मध्येच 'जीपीयूची मेमरी संपली' म्हणून थांबलं. प्रोसेसरवर रेंडर करताना लॅपटॉपची सगळी रॅम मिळत असते, त्यामुळे तिथे हे कधी जाणवलं नव्हतं. पृष्ठभागाचं चित्र निम्म्या मापाचं केल्यावर काम झालं, आणि पडद्यावर फरक ओळखूही आला नाही.

रेंडर कार्डावर होत असलं तरी ब्लेंडरची खिडकी स्वतः इंटेलवरच काढली जात होती. 'जीएलएक्सइन्फो' आज्ञेपुढे रेघ आणि मोठा 'बी' लावून विचारलं की सध्या चित्र कोण काढतंय ते कळतं ('मेसा-यूटिल्स' पॅकेजात ही आज्ञा असते). उत्तर इंटेल. ही बिघाडाची खूण नाही, व्यवस्थाच तशी आहे. ज्या प्रोग्रॅमला मोठं कार्ड हवं त्याने ते मागायचं. मागायची पद्धत म्हणजे आज्ञेच्या आधी दोन व्हेरिएबल लिहायची. एक 'एनव्ही प्राइम रेंडर ऑफलोड', किंमत १, आणि दुसरं 'जीएलएक्स व्हेंडर लायब्ररी नेम', किंमत एनव्हिडिया. दोन्हींच्या सुरुवातीला दोन-दोन अंडरस्कोअर, शब्दांमध्ये एकेक, आणि नावं सगळी मोठ्या लिपीत. हा प्रकार एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये २०१९ मधल्या ४३५ पासून आहे. मी दोन्ही एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली, आता प्रोग्रॅमच्या नावाआधी तिचं नाव लिहिलं की झालं. कुडाला मात्र यातलं काही लागत नाही, ते थेट कार्डाशी बोलतं. नुसतं रेंडरच करायचं असेल तर हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

त्या आठवड्यात बॅटरीने दगा दिला. आधी साडेपाच तास चालणारा लॅपटॉप तीन तासांत बंद पडू लागला, तेही नुसते पेपर तपासून गुण भरताना. वीज किती जाते ते दाखवणाऱ्या पॉवरटॉपमध्ये बघितलं तर रिकामा बसलेला असताना १७ वॅट जात होते. ड्रायव्हर बदलल्यापासून कार्ड झोपतच नव्हतं.

२२ फेब्रुवारीचा शनिवार याच्यात गेला, आणि सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं. कार्ड जागं आहे का झोपलंय हे मी 'एनव्हिडिया-एसएमआय' दर पाच सेकंदांनी चालवून बघत होते, आणि ते दर वेळी जागंच दिसत होतं. कारण ती आज्ञाच कार्डाला उठवते. झोपलेल्या माणसाला हलवून 'झोपलास का' विचारण्यासारखं होतं ते. न उठवता बघायची जागा सिस फोल्डरात आहे. तिथे पीसीआय उपकरणांमध्ये आपल्या कार्डाच्या पत्त्याचं फोल्डर, त्यात 'पॉवर', आणि त्यात 'रनटाइम_स्टेटस' नावाची फाइल. तिच्यात एकच शब्द असतो, 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा 'सस्पेंडेड'. माझ्याकडे अ‍ॅक्टिव्ह होता.

ट्युरिंग पिढीच्या कार्डांसाठी आपोआप झोपायची सोय ड्रायव्हरमध्ये आहे, पण ती मागावी लागते. त्यानंतरच्या अँपिअर पिढीच्या लॅपटॉपांना ड्रायव्हर ती स्वतःहून लावतो. मागायची म्हणजे मोडप्रोबच्या फोल्डरात एका फाइलमध्ये 'एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट' या पर्यायाची किंमत ०एक्स०२ लिहायची. लिहिली, रीस्टार्ट केलं, काही बदल नाही. पुन्हा लिहिली, स्पेलिंग तपासलं, काही नाही. दुपार गेली. मग प्रॉक फोल्डरात ड्रायव्हरला प्रत्यक्षात मिळालेले पर्याय दिसतात ते उघडलं, तर माझी किंमत पोचलेलीच नव्हती. कारण, मी 'ऑप्शन्स एनव्हिडिया' लिहिलं होतं, आणि डेबियनमध्ये त्या मॉड्यूलचं नाव 'एनव्हिडिया-करंट' असतं. दुसरीकडच्या कोणत्याही सूचना डेबियनवर वापरताना हे नाव बदलायला विसरू नका. नाव दुरुस्त केलं, 'अपडेट-इनिटरामएफएस' चालवलं, रीस्टार्ट केलं.

तरीही अ‍ॅक्टिव्ह. आता संयम संपत आला होता, पण निदान किंमत पोचली होती, तेवढी एक शंका मिटली. एलएसपीसीआय पुन्हा नीट वाचलं. ०१:००.० च्या खाली ०१:००.१ होतं, त्याच कार्डाचं ऑडिओ, एचडीएमआयमधून आवाज पाठवणारं. कार्डाचे असे जेवढे भाग असतील ते सगळे झोपल्याशिवाय कार्डाची वीज बंद होत नाही. दोन्ही पत्त्यांच्या 'पॉवर' फोल्डरातल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' होतं. तिथे 'ऑटो' लिहिलं. दहा-पंधरा सेकंद थांबून फाइल वाचली.

सस्पेंडेड.

पॉवरटॉपमध्ये आकडा १७ वरून ९ वॅटवर उतरला. हाताने लिहिलेलं 'ऑटो' रीस्टार्टनंतर टिकत नाही, म्हणून तेच काम करणारा यूडेव्हचा, म्हणजे उपकरण सापडताच आपोआप लागू होणारा, नियम लिहून ठेवला. बॅटरी पुन्हा साडेपाच तासांच्या आसपास आली.

१ मार्चला वर्गातल्या प्रोजेक्टरला जोडून बघायचं होतं. एचडीएमआयची वायर लावली, काहीच नाही. माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट इंटेलला नाही, एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं आहे. व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलरचा अर्थ हा होता. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत 'एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१' घातल्यावर प्रोजेक्टर दिसू लागला. बाहेरची स्क्रीन लावलेली असेपर्यंत कार्ड जागंच राहतं, ते बरोबरच आहे. वर्गात जाताना चार्जर न्यायचा.

त्याच आठवड्यात कर्नलचा अपडेट आला. जुनी भीती मनात होती, पण या वेळी रीस्टार्टच्या आधी 'डीकेएमएस स्टेटस' विचारलं. नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' लिहिलेलं होतं. किल्लीची ओळख एकदा झालेली असल्यामुळे निळी स्क्रीनही आली नाही. इन्स्टॉल्ड लिहिलेलं नसेल तर रीस्टार्ट करू नका, आधी हेडर्स आलेत का ते बघा. आणि जुना कर्नल काढून टाकू नका, ग्रबच्या यादीत तो असू द्या.

८ मार्च, शनिवार. दुपारी दोन वाजता ३०० चित्रांचं रेंडर लावलं. पंखा जोरात होता, कार्ड ७० अंशांच्या वर गेलं, लॅपटॉप टेबलावर जरा उचलून ठेवला. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटचं चित्र आलं. लावून बघितलं, तर पृथ्वीची सावली खरोखरच चुकीच्या बाजूला होती. सूर्याची जागा बदलली आणि सव्वाचारला पुन्हा लावलं. साडेसहाच्या आधी ग्रहण तयार होतं. ब्लेंडर बंद केलं, पंखा हळूहळू शांत झाला, आणि मी ती एका शब्दाची फाइल वाचली. सस्पेंडेड.